दुसऱ्याचा पेपर

बाई गेल्याचं मला अकोल्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत कळलं. आमच्या जुन्या शाळेतल्या मुलींचा मोबाइलवर एक गट आहे. त्यात कुणीतरी बाईंचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो टाकून खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्या वाचेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मुख्याध्यापकांना सांगून मी तशीच बसस्टँडवर गेले. अमरावतीत बाईंच्या घरी पोहोचले तेव्हा त्यांना नेऊन झालं होतं. अंगण धुतलेलं होतं आणि पुरुषमाणसं स्मशानातून परत यायची होती.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या भावाकडे राहायच्या. त्यांच्या भावजयीनं मला ओळखलं आणि आतल्या खोलीत सतरंजीवर बसवलं.

"पंधरा दिवस दवाखान्यात होत्या," त्या म्हणाल्या. "न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला. मंग छातीत कफ भरला. तुमाले कोणी सांगतलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं हे खरं होतं. पण दिवाळीनंतर बाईंनी माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेजवळ निरोप पाठवला होता, तो मला मिळाला होता. 'मार्चमध्ये अकोल्याच्या सेंटरवर लेखनिक पाहिजे. तुझ्या नववीतली एखादी पोरगी बघ.' मी बघते म्हटलं आणि बघितलं नाही. शाळेत तपासणी होती, घरी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. अशी कारणं सापडतात. मी भावजयीला काहीच बोलले नाही. त्यांनी दिलेलं पाणी प्यायले आणि बाहेर येऊन बसले.

लेखनिक म्हणजे काय, हे मला बाईंमुळेच कळलं. डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांना परीक्षेत उत्तरं तोंडी सांगावी लागतात आणि दुसरं कुणीतरी ती लिहितं. लिहिणारा त्यांच्यापेक्षा खालच्या वर्गातला असावा असा नियम. म्हणून बाई स्वतः कुणाचाच पेपर लिहू शकत नसत. त्या आमच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि शाळा सुटली की अंध मुलींच्या वसतिगृहात जाऊन पुस्तकं वाचून दाखवायच्या. जानेवारी लागला की त्यांचं तिसरं काम सुरू व्हायचं. आठवी-नववीतल्या मुली निवडायच्या, त्यांच्या घरी जायचं आणि आईबापांना राजी करायचं.

मी वलगावची. आमचं भाजीपाल्याचं वावर होतं. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर काढून जुड्या बांधायच्या आणि पहाटे वडील ते अमरावतीच्या बाजारात न्यायचे. मी एसटीनं शाळेत यायचे. नववीत होते, वर्गात पहिली यायचे आणि ते मला चांगलंच माहीत होतं. एका दुपारी बाई आमच्या वावरात आल्या. पायातल्या चपला हातात घेऊन, ओल्या वाफ्यांच्या कडेकडेनं चालत त्या धुऱ्यावर, बांधावर येऊन बसल्या. शाळेत त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. पण त्या धामणगाव रेल्वे या गावच्या, वावरात आल्यावर आमच्यासारखंच बोलायच्या.

"दहावीची एक पोट्टी हाय," त्यांनी वडिलांना सांगितलं. "कौंडण्यपूरची. डोयानं दिसत नाही. तिचा पेपर लिहाले तुमची पोरगी पाह्यजे."

वडील मेथी काढत होते. त्यांचा हात थांबला नाही. "बाई, दुसऱ्याचा पेपर लिहून आमच्या पोरीले काय भेटन?"

"काही नाही भेटत."

"मंग?"

"मंग काही नाही. त्या पोरीचा पेपर लिहिल्या जाईन."

वडील हसले. असं उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. बाईंनी बसमध्ये बसवून देण्याची, डब्याची, सगळी जबाबदारी घेतली. जाताना आईनं त्यांना सांभाराची जुडी दिली, ती त्यांनी पदरात बांधली.

त्या मुलीला वसतिगृहात सगळ्या जणी कौंडण्यपूरवाली म्हणायच्या. मीही तेच म्हणायला लागले. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, सडपातळ, बोलताना मान एका बाजूला कलती ठेवायची. अंध मुलांना गणिताऐवजी खालच्या वर्गाचा सोपा पेपर घ्यायची सवलत होती. तिनं ती घेतली नव्हती. "सगळ्या पोरी जे करतात थे मीही करीन," असं तिनं बाईंना सांगितलं होतं आणि बाईंनी तिला दोन वर्षं गणित शिकवलं होतं. समीकरणं ती डोक्यात मांडायची. आधीचा आकडा, पुढचा आकडा, खूण, सगळं तिला समोर लिहिल्यासारखं लक्षात राहायचं. फेब्रुवारीभर दर रविवारी आम्ही दोघी सरावाला बसायचो. ती सांगायची, मी लिहायचे, आणि बाई मध्येच माझ्या वहीत डोकावून म्हणायच्या, "तिनं सांगितलं तेच लिही. सुंदर करून लिहू नकोस."

मराठी, हिंदी, इतिहास, सगळे पेपर नीट झाले. आम्हाला वेगळ्या खोलीत बसवायचे. एक पर्यवेक्षिका समोर खुर्ची टाकून स्वेटर विणत बसायची. गणिताच्या दिवशी खोलीत ऊन होतं आणि पंखा बंद होता. कौंडण्यपूरवाली हळूहळू एकेक पायरी सांगत होती. मला तिच्या सांगण्याच्या वेगानं कंटाळा यायला लागला. मी प्रश्न वाचताक्षणी मला उत्तर दिसत होतं, निदान तसं वाटत होतं. एका उदाहरणात ती म्हणाली, "उणे सात." मला वाटलं, ही चुकली. तिथं अधिक पाहिजे. मी क्षणभर थांबले आणि अधिक लिहिलं.

एकदा तसं केल्यावर पुढच्या ओळी जुळेनात. मग त्या जुळवण्यासाठी मी आणखी एक आकडा बदलला. तिनं उत्तर सांगितलं ते मी लिहिलंच नाही, माझं लिहिलं. पुढच्या एका उदाहरणातही तसंच झालं. मी कुणाचं वाईट करते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. उलट आपण या गरीब मुलीला मदत करतो आहोत असं वाटून मला आतून बरं वाटत होतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

घरी आल्यावर मी ती उदाहरणं माझ्या वहीत सोडवून बघितली. कौंडण्यपूरवाली बरोबर होती. मी दोन्ही ठिकाणी चुकले होते. वही बंद करून मी विहिरीवर जाऊन बसले. आईनं जुड्या बांधायला हाक मारली तर उठले आणि बांधत राहिले.

निकाल लागला. कौंडण्यपूरवाली सगळ्या विषयांत चांगल्या गुणांनी पास झाली आणि गणितात चार गुणांनी नापास. त्या दिवशी मी बाईंच्या घरी गेले. त्या दारातच गहू निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तिले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून राहिली?"

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाणीही दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऑक्टोबरात ती पुन्हा बसणार हाय. तिले जाऊन सांग, अन् तिचा पेपर पुन्हा लिही. तू दहावीत गेली असली तरी अजून दहावी पास नाही, मी बोर्डाले विचारून परवानगी काढीन."

मी हो म्हटलं. वसतिगृहात गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पाऊस संपला. बाईंनी परवानगी आणली, दिवस सांगितला. मी वर्गातल्या मैत्रिणीजवळ निरोप पाठवला की आई आजारी आहे, मला येता येणार नाही. तीन दिवस मी शाळेतच गेले नाही.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे जाऊन संध्याकाळी परत आले तेव्हा आई म्हणाली, "तुह्या बाई आल्या होत्या. मी वावरात निंदत होतो. मले म्हणे, तब्येत कशी हाय? मी म्हटलं, चांगली हाय. मंग म्हणे, चांगली राहा. अन् गेल्या. काहून आल्या होत्या वं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तो पेपर खालच्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीनं लिहिला. कौंडण्यपूरवाली पास झाली. बाईंनी मला त्याबद्दल पुन्हा कधीही विचारलं नाही. दहावीत त्यांनी मला शिकवलं. वडील बारावीनंतर लग्नाचं बघायला लागले तेव्हा त्या दोनदा वलगावला आल्या आणि मला शिक्षणशास्त्राच्या पदविकेला घालूनच गेल्या. त्यांनी मला टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

लग्न होऊन मी अकोल्यात आले, शिक्षिका झाले. बाई निवृत्त झाल्या, पण दर हिवाळ्यात त्यांचा निरोप यायचा. काही वर्षी मी मुली शोधून दिल्या, काही वर्षी टाळलं. एकदा त्यांनीच सहज सांगितलं की कौंडण्यपूरवाली अकोल्याच्याच एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर झाली आहे. ते कार्यालय माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. त्या फाटकासमोरून मी रोज गेले. एकोणीस वर्षं.

बाईंच्या तेराव्यानंतर गटावर बोलणं सुरू झालं की त्यांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवू. एका रविवारी आम्ही तीसेक माजी विद्यार्थिनी शाळेच्या सभागृहात जमलो. कुणी पुण्याहून आली होती, कुणी नागपूरहून. समोरच्या टेबलावर बाईंचा फोटो होता, त्याला झेंडूचा हार. पैशांची अडचण येणार नव्हती, ते पहिल्या दहा मिनिटांतच ठरलं. बोलणं अडलं ते शिष्यवृत्ती कुणाला द्यायची यावर. बहुतेकांचं मत होतं, शाळेत दहावीला गणितात पहिली येईल तिला. बाई गणिताच्या, त्यामुळे ते शोभून दिसेल.

"बाईनं पहिल्या आलेल्या पोरीची कधी चिंता केली होती का?"

आवाज मागून आला. मी वळून बघण्याआधीच मला कळलं, ती कौंडण्यपूरवाली होती. ती शेवटच्या बाकावर बसली होती, पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवलेली. ती आमच्या शाळेची नव्हती. बाईंच्या भावानं तिला बोलावून घेतलं होतं.

"मग कुणाला द्यावी असं तुम्हाला वाटतं, ताई?" पुण्याहून आलेल्या मुलीनं विचारलं.

"जी दुसऱ्याचा पेपर लिहिते तिले. अन् जिचा पेपर लिहिल्या जाते, तिले. अर्धी अर्धी."

कुजबुज झाली. एक जण म्हणाली की लेखनिकाचं काम ही सेवा आहे, तिला पैसे जोडले की तिचा मान जाईल. दुसरी म्हणाली की अंध मुलांसाठी सरकारच्या योजना असतातच, आपण हुशार मुलींकडे बघावं. हुशार मुलगी मागे राहिली तर बाईंना वाईट वाटलं असतं.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"हुशार मुलीचं मी सांगते," मी म्हटलं. "मी पहिली यायचे."

आणि मग मी त्या पेपरचं सांगितलं. उणे सात, अधिक, बदललेला आकडा, चार गुण, ऑक्टोबर, आईचं खोटं आजारपण. समोरच्या मुली आधी माझ्याकडे आणि मग वळून शेवटच्या बाकाकडे बघायला लागल्या. मी एकदाही तिकडे बघितलं नाही. सांगून मी खाली बसले. मग कुणीतरी चहा आणायला सांगितला आणि दहा मिनिटांनी, फारसं न बोलता, कौंडण्यपूरवालीचं म्हणणं मान्य झालं.

निघताना ती व्हरांड्यात माझी वाट बघत उभी होती. केस पांढरे झाले होते. मान तशीच कलती.

"तू हे मले एकटीले सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. "तीस जणींसमोर नाही. तिथं मी काय बोलणार होतो?"

"हो," मी म्हटलं. "चुकलंच."

"मले माहीत होतं."

"बाईंनी सांगितलं?"

"बाईनं काहीच नाही सांगतलं. पेपर लिहितानाच मले समजलं. उणे लिहिलं का पेन एकदा वाजते. अधिक लिहाले दोनदा उचलावा लागते. मले आयकू येते ना."

मग मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मले वाटलं तुले जास्त समजते. सारेच म्हणत होते, वलगावची पोरगी लय हुशार हाय. मी म्हटलं, माहंच चुकलं असन."

समोरच्या मैदानात मुली लंगडी खेळत होत्या. तिनं काठी उघडली, पुन्हा घडी केली.

"त्याचा राग नाही आला मले. ऑक्टोबरात आली नाही, त्याचा आला. नवी पोट्टी भेटली थे काहीच ओळखीची नोती. पहिला अर्धा घंटा माह्या तोंडातून शब्द निघत नोता. मी सारखी इचारून राहिलो, तू तेच लिहून राहिली ना, तू तेच लिहून राहिली ना. थे बिचारी घाबरून गेली."

"अजून आहे राग?"

तिनं विचार केला. "हाय थोडा," ती म्हणाली. "माह्यी बस हाय चारची. मले स्टँडवर सोडून देजो."

बसस्टँडपर्यंत तिनं माझा दंड धरला होता. अकोल्याला एकाच बसनं आलो, पण जागा वेगवेगळ्या मिळाल्या.

पहिली शिष्यवृत्ती त्याच पावसाळ्यात दिली. वसतिगृहातली एक मुलगी दहावी पास होऊन अकरावीत गेली होती, तिला, आणि तिचा पेपर लिहिणाऱ्या फूलवाल्यांच्या मुलीला. ती लेखनिक बाईंनीच दवाखान्यात जायच्या आधी शोधून ठेवलेली होती. कार्यक्रमाला तीसपैकी नऊ जणी आल्या. बाईंचा भाऊ बोलायला उभा राहिला आणि दोन वाक्यांनंतर खाली बसला. बाहेर पडल्यावर फूलवाल्यांच्या मुलीची आई मला म्हणाली, "बाई आमच्या घरी चार खेपा आल्या होत्या. चौथ्या खेपेले आमी हो म्हटलं. आता कोण येईन?"

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणीच ठरवलेलं नव्हतं. फोटो झाला, नावाची पाटी झाली, दरवर्षी कार्यक्रम घ्यायचं ठरलं, पण मुली शोधायचं काम कुणाकडे हे कुणी बोललंच नाही. ज्या वर्षी बाई गेल्या त्या वर्षीच्या मार्चमध्ये काय झालं ते मला नंतर त्यांच्या भावजयीकडून कळलं. घरातला फोन वाजत राहायचा. बुलडाण्याहून, दर्यापूरहून, कुठून कुठून. "बाई आहेत का?" त्या सांगायच्या, "बाई वारल्या." मग पलीकडचा माणूस हळूच विचारायचा, "मंग दुसरं कोणी हाय का?" त्यांना दुसरं कुणी माहीत नव्हतं. त्यांनी परीक्षा संपेपर्यंत फोनची वायर काढून ठेवली.

अकोल्याच्या सेंटरवर ज्या मुलासाठी बाईंनी मला निरोप पाठवला होता, तो परीक्षेला बसलाच नाही. हे मी कौंडण्यपूरवालीला तिच्या कार्यालयात जाऊन सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत फाटकातून आत जायला मला तेव्हा एकोणीस वर्षं आणि काही महिने लागले होते. ती डबा खात होती. ऐकून तिनं पोळीचा घास खाली ठेवला आणि म्हणाली, "आता फोन माह्या नंबरावर लावाले सांगजो सर्व्यांले. पोट्ट्या तू शोध. घरोघरी मी कशी फिरू?"

तेव्हापासून आम्ही दोघी ते काम करतो. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. ती फोनवर नावं आणि विषय सांगते, मी लिहून घेते आणि मग वाचून दाखवते. वाचून दाखवल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.

मला हे काम बाईंसारखं जमत नाही. मी घरी गेले की आईबाप आधी चहा ठेवतात आणि मग कारणं सांगतात. पोरीची स्वतःची परीक्षा आहे, घरी लग्न आहे, उन्हाचं एवढ्या लांब कोण सोडणार. एका ठिकाणी मुलीचे वडील स्पष्ट म्हणाले, "मॅडम, उद्या तो पोरगा नापास झाला तर बोल आमच्या पोरीवर येईन." मला त्यांना म्हणायचं होतं की तसं काही होत नसतं. म्हणता आलं नाही. शिष्यवृत्तीचं सांगितलं तर ते जास्तच संशयानं बघायला लागले. बाई धुऱ्यावर बसून "काही नाही भेटत" म्हणाल्या होत्या आणि माझे वडील हसले होते. मी तेच वाक्य एका घरात म्हणून पाहिलं. तिथं कुणी हसलं नाही.

यंदा जानेवारीत अकोल्याच्या सेंटरसाठी पाच जणांनी विचारलं होतं. चार मुली मिळाल्या. एक माझ्या शाळेतली, दोन शेजारच्या शाळेतल्या आणि एक बाजारातल्या संत्रेवाल्याची, तिनं स्वतःहून विचारलं. दर रविवारी मी त्यांना सरावाला बसवते. पाचवीसाठी मी सतरा घरं फिरले.

पाचवी मागणी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातल्या मुलीची होती. फेब्रुवारीच्या मध्यावर मी तिच्या वडिलांना निरोप द्यायचं ठरवलं, पण त्याआधी तेच सकाळच्या गाडीनं माझ्या शाळेत आले. बरोबर मुलगी होती. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. सरावाला आणली होती त्यांनी तिला. लेखनिक ठरली असेल असंच ते धरून चालले होते.

मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. पाणी आणलं. मग सांगितलं.

"कोणीच नाही भेटली?" त्यांनी विचारलं.

"नाही. अजून बघते आहे. पण लेखनिकाचा फॉर्म द्यायची मुदत परवा आहे."

"आमच्या गावची एक हाय. पण थे बी दहावीतच हाय. चालत नाही ना?"

"नाही चालत. त्याच वेळी तिचा स्वतःचा पेपर असणार."

त्यांनी मान हलवली. पाण्याचा पेला बाकावर ठेवला. मग मुलीकडे वळून, ती लांब कुठंतरी बसली असावी अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "नाही भेटली बाई कोणी. यंदा राहू दे. पुढच्या साली पाहू."

"आयकलं मी बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मला मूर्तिजापूरच्या गाडीची वेळ विचारली. मी सांगितली. फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेले. रस्ता ओलांडताना तिनं वडिलांच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं दप्तराचा पट्टा सावरला. मला तासाची घंटा ऐकू आली. नववीचा गणिताचा तास होता. मी वर्गात गेले.